कुलवृत्तांत आणि खतावणी

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतात माझ्या आजोबांच्या वाट्याला साडेतीन ओळी आल्या आहेत. नाव, जन्मशक, मराठी सहावीपर्यंत शिक्षण, गायकवाड सरकारच्या पलसाणा महालात कारकून, पुढे तेथेच शेती, पत्नीचे सासरचे नाव, मुलगे दोन, मुली तीन, मृत्यूचे वर्ष. एवढ्यात एक आयुष्य आटोपले आहे. आजीचे आयुष्य त्याच ओळींत, अर्धविरामांच्या मध्ये.

तीन वर्षांपूर्वी कुलवृत्तांताची पुरवणी काढायचे ठरले आणि मंडळाचे पत्र आले की तुमची शाखा गुजरातेत आहे, तेव्हा तिकडची माहिती तुम्हीच पाठवावी. सुरतेत मराठी शिकवण्यात माझी नोकरी गेली. कागद भरण्याची सवय आहे. चार दिवसांचे काम, असे मला वाटले होते. ते अजून चालूच आहे. पण त्या शोधाची हकिकत सांगणे हा या लेखाचा हेतू नव्हे. त्या निमित्ताने मी चाळीसेक घराण्यांचे कुलवृत्तांत वाचले, आणि हा मराठीतला एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार असून त्याच्याकडे समीक्षकांनी कधी वाङ्मय म्हणून पाहिलेच नाही, असे माझे मत झाले. त्याचे बळ कशात आहे आणि तो कुठे अपुरा पडतो, याविषयी लिहायचे आहे. पलसाण्याचे उदाहरण अधूनमधून येईल, कारण माझ्या हाती तेच आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात कुलवृत्तांतांची लाट आली. तिच्यामागे इतिहास संशोधनाचे वारे होते. वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत हिंडले आणि अखेर १९२६ साली आमच्या शेजारच्या धुळ्यात त्यांनी देह ठेवला, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. जुना कागद म्हणजे धन, ही दृष्टी मराठी मध्यमवर्गाला राजवाड्यांच्या पिढीने दिली. ज्या घरांत सनदा, वतनपत्रे, वाटणीपत्रे होती त्यांनी ती बाहेर काढली, वंशावळी जुळवल्या, वर्गण्या गोळा केल्या आणि जाडजूड ग्रंथ छापले. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कोकणातून किंवा देशावरून कोण कधी कुठे गेले याचा तपशील, आणि मग पिढीवार एकेका पुरुषाची नोंद. हे सगळे निवृत्त मास्तर, पोस्टमास्तर, कारकून यांनी पदरमोड करून केले. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. पुढे जी टीका करणार आहे ती त्यांचे ऋण मान्य करूनच.

या ग्रंथांची भाषा पाहावी. काटकसर इतकी की कवींनी हेवा करावा. "परागंदा" हा एक शब्द घ्या. एका नोंदीत नाव, जन्मशक आणि पुढे फक्त परागंदा. का गेला, कुणाशी भांडला, कर्ज होते की बैराग्यांच्या मेळ्यात मिसळला, काही नाही. कुठल्याही कादंबरीकाराला पुरून उरेल असा ऐवज एका शब्दात बंद करून संपादक पुढच्या नावाकडे वळतो. "लहानपणी वारला" हे शब्द एकाच बापाच्या नोंदीत चारदा येतात तेव्हा प्लेगाची साल कोणती हे वेगळे सांगावे लागत नाही. "दत्तक गेला", "वंश खुंटला", "घरजावई राहिला". नोंद लिहिणाऱ्याला करुण रस निर्माण करायचा नव्हता. म्हणूनच तो निर्माण होतो. आपल्याकडच्या कित्येक आत्मचरित्रांत इतका संयम सापडत नाही.

पण याच शब्दसंग्रहात त्याचा दोषही आहे. "निपुत्रिक" हा शब्द तपासा. मी वाचलेल्या एका नोंदीत एक गृहस्थ निपुत्रिक आहेत आणि पुढच्याच वाक्यात त्यांच्या तीन मुली कुठे कुठे दिल्या त्या गावांची नावे आहेत. संपादकाला यात विसंगती दिसली नाही. त्या प्रकाराच्या व्याकरणात ती नाहीच. वंश ही वरून खाली जाणारी रेघ आहे आणि ती पुरुषाकडून पुरुषाकडे जाते. बाई त्या रेघेवर आडवी येते, एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. येताना माहेरचे नाव उंबऱ्याबाहेर ठेवते, आणि मुलगी होऊन जाताना सासरच्या गावाच्या नावात विरून जाते.

हे सारे स्त्रीवादी समीक्षेने केव्हाच सांगितले आहे, असे कुणी म्हणेल. खरे आहे. मला जे म्हणायचे आहे ते थोडे निराळे आहे. कुलवृत्तांताला वंश दिसतो, जोडपे दिसत नाही. आणि शेती ही वंशाने होत नाही, जोडप्याने होते. माझे आजोबा सकाळी कचेरीत जात. शेतावर कोणते बी कधी टाकायचे, जुवार किती ठेवायची, कापूस कधी विकायचा, हे सगळे आजी पाही. आत्यांनी ते कितीदा तरी सांगितलेले आहे. कुलवृत्तांतातली "पुढे तेथेच शेती" ही नोंद आजोबांच्या नावावर आहे. पण "पुढे" कशाला, ती आधीपासून होतीच, फक्त ती आजीची होती म्हणून नोंदीस पात्र नव्हती.

आजीचे माहेरचे नाव मला कुणी सांगू शकले नाही. घरातल्या कागदांवर ते नव्हते. सापडले ते एका पितळी घागरीवर. आपल्याकडे भांड्यांवर नावे घालायची चाल आहे. लग्नात माहेरच्यांनी दिलेल्या घागरीच्या काठाशी कासाराने ठोकून काढलेली अक्षरे होती, राखेने घासून घासून पुसट झालेली. ती घागर आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून होती. मी लहानपणी तिच्यातले पाणी प्यालो आहे. नाव इथे देत नाही, पुरवणीत दिले आहे.

माझी एक भाची अमेरिकेत, आयोवा राज्यात असते. मक्याच्या शेतांचा मुलूख. तिच्या शेजारी एक वृद्ध शेतकरी दांपत्य राहते आणि त्यांच्या नातवंडांनी त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला दोघांच्या घराण्यांचा इतिहास छापून दिला. भाचीने तो मला पाठवला, बहुधा मला चिथावण्यासाठी. साधे पुस्तक आहे, वाङ्मय म्हणून आपल्या कुलवृत्तांताच्या जवळपासही फिरकत नाही. भाषा सपाट, विनोद घरगुती. पण रचना पाहून मी थबकलो. पुस्तकाच्या मध्यभागी ते जोडपे आहे. डावीकडे नवऱ्याचे आईबाप, आजेआजी, पणजेपणजी. उजवीकडे बायकोचे तसेच. दोन्ही पाने सारखीच भरलेली. झाड वरून खाली वाढत नाही, दोघांपासून मागे पसरत जाते.

हे त्यांना जमते याचे कारण ते लोक आपल्यापेक्षा उदार आहेत असे नाही. त्यांना कागद मिळतात. १८५० पासून अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले गेले. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचे लिहीत. बहात्तर वर्षांनी त्या याद्या लोकांना खुल्या होतात. १९५० सालच्या २०२२ मध्ये झाल्या. १८६२ च्या कायद्याने एकशेसाठ एकर जमीन मिळवणाऱ्या वसाहतकऱ्याची फाईल आहे. चर्चमध्ये लग्नाची नोंद आहे. मात्र मी "स्वतंत्र माणसाचे" म्हटले ते उगीच नव्हे. दक्षिणेतल्या राज्यांत १८५० आणि १८६० सालीं गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या. मालकाचे नाव वर, आणि खाली वय, स्त्री की पुरुष, वर्ण. नाव जवळजवळ कुठेच नाही. नावानिशी सर्वांची गणना झाली ती गुलामगिरी संपल्यावर, १८७० मध्ये. म्हणून कृष्णवर्णीय अमेरिकन आपले पूर्वज शोधत मागे जातो तेव्हा १८७० च्या भिंतीशी येऊन थांबतो. त्यापलीकडे जायचे तर मालकाची खातेवही, मालकाचे मृत्युपत्र, मालकाच्या घरची विक्रीपावती शोधावी लागते.

हे वाचले त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. कारण आमच्या माळ्यावर एक खातेवही होती.

पलसाणा हे सुरतेच्या दक्षिणेला, बारडोली आणि नवसारी यांच्या मधल्या पट्ट्यातले गाव. काळी कसदार जमीन. आज महामार्ग, कडोदऱ्याकडच्या कापड गिरण्या आणि ऊस यांनी त्याचे रूप पालटले आहे, पण माझ्या आजोबांच्या वेळी तो बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातला महाल होता. बारडोली इंग्रजी, पलसाणा गायकवाडी. हद्द शेताच्या बांधाइतकी जवळ. १९३० च्या करबंदीत बारडोलीचे शेतकरी घरांना कुलपे लावून गायकवाडी हद्दीत येऊन राहिले, ते याच जवळिकीमुळे. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० ला पलसाणा गुजरातेत राहिला. आम्ही जागचे हललो नाही; राज्येच दोनदा बदलली.

या पट्ट्यात हाळी पद्धत होती. दक्षिण गुजरातच्या वाचकाला ती माहीत आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. जमीनदार, बहुतेक अनाविल, क्वचित पाटीदार किंवा आमच्यासारखे बाहेरून आलेले, आणि त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राबणारे दुबळा जमातीचे भूमिहीन मजूर. गांधीवादी कार्यकर्त्यांनी पुढे त्यांना हळपती हे नाव दिले. मजुराचे लग्न ठरले की खर्चाची रक्कम धणियामा, म्हणजे मालक देई. त्या कर्जापासून चाकरी सुरू. नवरा नांगरावर, बायको मालकाच्या घरी शेणगोठ्याला आणि धुण्याभांड्याला. रोजचे धान्य मिळे, अडीनडीला खावटी मिळे, ती कर्जात चढे, आणि कर्ज सहसा फिटत नसे. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात इथल्या गावांत राहून या पद्धतीचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९७४ मध्ये आले. त्यांनी मालकाच्या आश्रयाची बाजूही दाखवली आणि पिळवणुकीचीही. दोन्ही एकाच दोरीचे पीळ होते, हे त्यांच्या विवेचनाचे बळ आहे.

आता त्या वहीकडे येतो. आजोबांची खतावणी मोडीत आहे. मोडी मला येत नव्हती. साठी उलटल्यावर शिकलो. एका पानावर एका हाळ्याचे खाते उघडले आहे. त्याचे नाव वारावरून पडलेले, जसे त्या वस्तीत कितीतरी जणांचे असे. रक्कम लग्नखर्चासाठी. तिथी आहे, साक्षीदार आहे, अंगठा आहे. म्हणजे एका गरीब जोडप्याच्या लग्नाचा दिवस आमच्या माळ्यावर नोंदलेला होता, आणि दुसऱ्या कुठल्याही कागदावर तो असण्याची शक्यता नाही. त्याच पानाच्या खाली बैल घेतल्याची नोंद आहे. बैलाचा रंग लिहिला आहे, शिंगांची ठेवण लिहिली आहे, दात किती ते लिहिले आहे. वर जिच्या लग्नाचा खर्च मांडला आहे त्या बाईचे नाव लिहिलेले नाही. "बायको" इतकेच.

माझे आजोबा वाईट मनुष्य नव्हते. ते संध्याकाळी ओट्यावर बसून पोथी वाचत आणि वस्तीतल्या आजाऱ्याला काढा पाठवत. हे मी लिहितो ते त्यांचा बचाव म्हणून नव्हे; वहीतले अक्षर त्यांचेच आहे, सुरेख आहे, आणि बैलाचे वर्णन त्यांनीच केले आहे.

कुलवृत्तांत आणि खतावणी यांची तुलना मला या पानावर सुचली. कुलवृत्तांत वंश पाहतो. खतावणी जोडपे पाहते, कारण तिला दोघांचेही श्रम हवे असतात. शेतकरी जोडप्याला एक घटक म्हणून मोजणारा आपल्याकडचा कागद कोणता, तर कर्जाचा. प्रतिष्ठित वाङ्मयाने जे केले नाही ते हिशेबाच्या वहीने केले, आणि तिनेही बाईचे नाव गाळले.

आपल्या देशात कुळाची स्मृती राखणारे धंदेवाईक लोक नव्हते असे नाही. गुजरातेत वहीवंचा बारोट होते. यजमानाच्या घरी येऊन वही वाचत, नवी नावे चढवत, बिदागी घेत. अ. म. शहा आणि र. ग. श्रॉफ यांनी १९५८ मध्ये त्यांच्यावर चांगला अभ्यास प्रसिद्ध केला. तिकडे कोल्हापूर-बेळगावच्या सीमेवर हेळवी बैलावर बसून येतात आणि घराण्याचा पाढा तोंडपाठ म्हणतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे नामावळ्या आहेत. पण या सर्वांची एक अट होती: दक्षिणा देण्याची ऐपत, नाहीतर तीर्थयात्रेला जाण्याची. सरकारी कागदाची अट दुसरी: जमीन. सातबारा दोन्ही राज्यांत आहे, दोन्हीकडे आता संगणकावर दिसतो, आणि दोन्हीकडे तो मालकाचे किंवा कुळाचे नाव सांगतो. हाळी हा कूळ नव्हता. म्हणूनच कसेल त्याची जमीन या तत्त्वाने १ एप्रिल १९५७ रोजी कुळे मालक झाली तेव्हा हाळ्यांच्या हाती काही आले नाही. कायद्याच्या भाषेत ते कसत नव्हते, नोकरी करत होते. जनगणनेत त्यांची नावे लिहिली गेली असतील, पण आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने घराघराच्या नोंदी गोपनीय आहेत, आणि अमेरिकेसारखी मुदत संपून त्या खुल्या होत नाहीत.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण ती या अंकाच्या बहुतेक घरांना लागू आहे. हल्ली पूर्वजांचा खराखुरा शोध घेतात ते हौशी लोक नव्हेत. जातीच्या दाखल्यासाठी धावणारी मुले घेतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांना आजोबा कुठे राहत होते, हे सिद्ध करायचे असते. धुळे-नंदुरबारची मंडळी सुरत-उधन्यात स्थायिक झाली, आणि आता नातू गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक, आणि शाळेचे दाखलखारीज रजिस्टर शोधत खानदेशात फिरतो. त्याच्या हाती जो वंशवृक्ष तयार होतो तो प्रतिज्ञापत्राच्या कागदावर असतो, चार पिढ्यांचा, फक्त पुरुषांचा. कुलवृत्तांताचा हा सरकारी अवतार. प्रस्तावना नाही एवढेच.

मग ललित वाङ्मयाने काय केले? भालचंद्र नेमाड्यांची "हिंदू" (२०१०) ही आपल्या काळातली खानदेशी शेतकरी घराण्याची सर्वांत मोठी कथा. तिचा नायक पुरातत्त्वज्ञ आहे, बाप मरणाच्या दारी आहे म्हणून तो मोरगावला परततो, आणि घराच्या, गावाच्या, जातींच्या थरांतून खणत जातो. कुलवृत्तांताने गाळलेले कितीतरी तिने आत घेतले: बायका, अलुतेबलुतेदार, भटके. मला ती कादंबरी आवडते आणि तिच्या अघळपघळपणाबद्दलची तक्रार मला पटत नाही. अडगळ आवरून ठेवली तर ती अडगळ कसली? पण एक गोष्ट खटकते. सगळे पाहिले जाते ते वारसाच्या डोळ्यांनी, मालकीच्या घराच्या ओसरीवरून. माणसे कितीही आली तरी ती या वाड्यात येतात.

नरेंद्र जाधवांचे "आमचा बाप आन् आम्ही" (१९९३) मला या बाबतीत अधिक महत्त्वाचे वाटते. निवृत्त बापाला मुलाने आठवणी लिहायला लावले, त्या कच्च्या लेखनातून पुस्तक उभे राहिले. इथे मध्यभागी जोडपे आहे. बापाच्या बरोबरीने आई आहे. नाव मात्र बापाचेच लागले, हे मराठी वाचकाने त्या वेळी फारसे मनावर घेतले नाही. बेबी कांबळे यांचे "जिणं आमुचं" (१९८६) आणखी पुढे जाते. त्यांनी ते नवऱ्यापासून लपवून लिहिले आणि वर्षानुवर्षे लपवून ठेवले. त्यात घराण्याची रेघच नाही, वस्ती आहे.

आणि आपण दोन भाषांत राहतो, तेव्हा गुजरातीकडेही पाहावे. जोसेफ मॅकवान यांची "आंगळियात" (१९८६) खेडा जिल्ह्यातल्या वणकरांची कादंबरी. १९८९ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. आंगळियात म्हणजे विधवा किंवा काडीमोड झालेली आई दुसऱ्या घरी नांदायला जाते तेव्हा तिचे बोट धरून येणारे मूल. आमच्या कुलवृत्तांताच्या कोणत्या शाखेवर ते मूल लावायचे? जागाच नाही. ज्या समाजांत पाट लावण्याची रीत आहे, आणि महाराष्ट्र-गुजरातेत ते बहुसंख्य आहेत, तिथे वंशाची सरळ रेघ ही मुळात वरच्या चारदोन जातींची सोय आहे. मराठीत या एका शब्दाला तोड नाही, हेही आपल्या वाङ्मयाबद्दल काही सांगते.

पलसाण्याच्या रस्त्याने दिवाळीनंतर गेलात तर उसाच्या फडाकडेला पाले दिसतील. काकरापारचे पाणी आले, १९७२ मध्ये उकाईचे धरण झाले, जुवारीच्या जागी ऊस आला, चलथाण-बारडोलीचे सहकारी कारखाने आले. तोडीला स्थानिक हळपती नेमले जात नाहीत. मजूर डांगातून आणि आपल्या नंदुरबार-धुळ्याकडून येतात. भिली, मावची, अहिराणी बोलत येतात. मराठी साहित्यात ऊसतोड म्हटली की बीड आणि पश्चिम महाराष्ट्र डोळ्यांपुढे येतो. इकडे येणाऱ्यांची गोष्ट दोन भाषांच्या मध्ये पडून राहिली. त्यांना मोजायचे एकक काय, तर कोयता. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको: तो तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते. मुकादमाच्या वहीत उचल एका कोयत्याच्या नावे, आणि कोयत्याचे नाव म्हणजे नवऱ्याचे नाव. ती वही मी एकदा पाहिली आहे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, बॉलपेनने लिहिलेली, गुजरातीत. आजोबांच्या सुरेख मोडीपेक्षा अक्षर वाईट. बाकी मांडणी ओळखीची होती.

पुरवणीसाठी मी शेवटी दोन नोंदी लिहिल्या. एक आजी-आजोबांची, दोघांची मिळून, दोघांच्या माहेरासासरासह. दुसरी त्या हाळी जोडप्याची, कारण "पलसाणा येथे शेती" हे शब्द छापायचे तर ती शेती कुणी केली हे सांगणे प्राप्त आहे. पहिली नोंद मंडळाने थोडी कापून स्वीकारली. दुसरी परत आली. पत्र सौजन्याचे होते: भावना समजते, परंतु ग्रंथ कुळापुरता मर्यादित आहे. मला राग आला नाही, असे लिहिले तर खोटे होईल. पण तर्काने पाहता त्यांचे बरोबर आहे. त्या प्रकाराच्या व्याकरणात माझे वाक्य बसत नव्हते. मी त्यांना उलट विचारले की मग आजोबांच्या नोंदीतले "शेती" काढून टाका. त्याला अद्याप उत्तर नाही.

त्या बाईचे नाव मला मिळाले. तीन वर्षे मोडी, सातबारा, शाळेची रजिस्टरे यांत घालवल्यावर एका दुपारी हळपतिवासात गेलो. लहानपणी आमच्या गोठ्यावर येणाऱ्या एका बाईंना मी ओळखत होतो. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, नातू गिरणीत जातो. खाटेवर बसवले, चहा आला. मी विषय काढला, वारावरून पडलेले ते नाव सांगितले. त्या हसल्या आणि त्यांनी चटकन त्याच्या बायकोचे नाव सांगितले, तिच्या माहेरचे गाव सांगितले, मुले किती, कोणती जगली, ती कशाने गेली, आमच्या आजीने तिला बाळंतपणात काय दिले आणि कोणत्या गोष्टीवरून दोघींचा एकदा अबोला झाला, हेही सांगितले. ती त्यांची सासू होती. पाच मिनिटे लागली असतील. मी वहीत उतरवून घेतले.

मग त्यांनी विचारले, "भाई, तुमच्या चोपडीत आमच्याकडे किती बाकी लिहिली आहे?"

मी म्हटले, आता त्याचे काय, मासी, ते सगळे गेले. त्या म्हणाल्या, ते मला माहीत आहे, पण फिटले असे लिहिले आहे का?

घरी येऊन मी वही पुन्हा पाहिली. पानामागून पान खाते पुढे ओढलेले आहे, दर दिवाळीला, अक्षर तेच. शेवटच्या पानावर बाकी मांडली आहे आणि वही संपली आहे. पुढची वही आमच्या घरात नाही.